भिवंडी, ब्लॅकबर्न आणि गिटार ॲम्पमधला व्हॉल्व्ह

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जे "म्हणजे", "बघा" येतात ते काही ठिकाणी तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न दिसायला सोपा आहे. गिटारच्या ॲम्पसाठी जुने आणि चांगले व्हॉल्व्ह कुठे मिळतात? पण उत्तर शोधायला निघालं की आपण आधी पोचतो इंग्लंडमधल्या धोतरं विणणाऱ्या एका गावात, तिथून बंगळुरूला, आणि मग आजोबांच्या रेडिओत. इतिहासाचा एपिसोड आहे, त्यामुळे एवढा प्रवास चालेल ना?

आधी माझी बाजू सांगतो. मी वळचा, भिवंडी तालुक्यातलं वळ. तुमचं ऑनलाइन मागवलेलं पार्सल दोन दिवस "भिवंडी"वर अडकलेलं दिसतं ना, ते कदाचित आमच्याच आसपासच्या एखाद्या गोडाऊनमध्ये पडलेलं असतं. बीटेक झालो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, रात्री गिटार वाजवतो. ॲम्प सेकंडहँड, पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हवाला. आत तीन ईसीसी८३ आणि दोन ईएल८४. त्यातला एक ईएल८४ गेला, म्हणून ही सगळी शोधाशोध.

काचेच्या बाटलीत काय असतं

बऱ्याच जणांनी व्हॉल्व्ह पाहिलेलाच नसेल. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आतली हवा काढून टाकलेली. मधोमध एक बारीक नळी, तिला म्हणतात कॅथोड. तिच्या पोटात हीटर. हीटर तापला की कॅथोडवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि भोवतालच्या धातूच्या प्लेटकडे धावतात. या दोघांच्या मध्ये अगदी बारीक तारेची जाळी असते, ती ग्रिड. गिटारचा इवलासा सिग्नल त्या ग्रिडवर दिला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. झालं ॲम्प्लिफिकेशन. नळाची तोटी बोटाने फिरवावी आणि पाण्याची धार बदलावी, तसं. प्रवाह त्यातून एकाच दिशेने जातो, म्हणून इंग्रजांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटलं, आणि आपल्याकडच्या रेडिओवाल्यांनीही तोच शब्द उचलला.

१९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंगने दोन भागांचा व्हॉल्व्ह बनवला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा भाग घातला, म्हणजे ग्रिड. रेडिओ, टेलिफोनच्या लांब लाइनी, रडार, पहिले कॉम्प्युटर, सगळं यावरच उभं राहिलं. १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला आणि व्हॉल्व्हची उलटी मोजणी सुरू झाली.

मग गिटारवाले अजून का चिकटलेत? व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर ढकललं तर आवाजाच्या लहरीचा माथा हळूहळू, गोलसर दबतो. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. कानाला पहिला प्रकार भरदार लागतो, दुसरा कर्कश. रेडिओच्या इंजिनिअरला हा दोष वाटायचा. रॉकवाल्यांनी त्याच दोषावर गाणी बांधली.

बी म्हणजे ब्लॅकबर्न

जुन्या व्हॉल्व्हच्या शोधात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे मलार्ड. ही इंग्लिश कंपनी १९२७ पासून पूर्णपणे हॉलंडच्या फिलिप्सच्या ताब्यात होती. मलार्डच्या कित्येक व्हॉल्व्हवर, खाली काचेवर, अगदी पुसट अक्षरं कोरलेली असतात. उदाहरणार्थ बी५के२. पहिलं अक्षर कारखान्याचं, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिना आणि आठवडा. बी म्हणजे ब्लॅकबर्न.

भिवंडीकरांनो, आता कान द्या. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं गाव. कशासाठी प्रसिद्ध? मागासाठी. आणि तिथले माग विणायचे काय, तर हिंदुस्थानात विकायची धोतरं! साधं, स्वस्त सुती कापड, जहाजाने मुंबई-कलकत्त्याला. पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा बसत गेला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, परदेशी कापडावर जकात चढली, जपानचा माल आला, जागतिक मंदी आली, आणि वरून आपला परदेशी कापडावरचा बहिष्कार. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनमध्ये राहिले, बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती उभ्या राहून हसतायत, हात उंचावतायत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. ज्याच्या चळवळीने आपलं काम कमी केलं, त्याचंच त्या बायकांनी स्वागत केलं.

त्यानंतर सात वर्षांनी, १९३८ मध्ये, मलार्डने ब्लॅकबर्नला कारखाना टाकला. कामाला हात भरपूर होते, तेही कसलेले. पुढे हा कारखाना युरोपातल्या मोठ्या व्हॉल्व्ह कारखान्यांपैकी एक झाला. जुळणीचं काम मुख्यतः बायका करायच्या. दोन बारीक दांड्यांवर केसासारखी तार ठरावीक अंतराने गुंडाळायची, ही ग्रिड. ती कॅथोडभोवती बसवायची, अंतर जरा चुकलं की व्हॉल्व्ह वाया. मागावर ताणा सांभाळणाऱ्या गावात हे काम गेलं, हे मला भारी वाटतं. जिथून धोतरं यायची, तिथूनच पुढे ईसीसी८३ आणि ईएल८४ यायला लागले.

या नावांतही गंमत आहे. ईसीसी८३ मधला ई म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा. दोन सी म्हणजे एकाच बाटलीत दोन ट्रायोड. ८ म्हणजे नऊ पिनांचा छोटा पाया. ३ हा फक्त अनुक्रमांक. अमेरिकेत यालाच १२एएक्स७ म्हणतात. तसंच ईएल८४ ला तिकडे ६बीक्यू५. खरेदीला निघालात तर दोन्ही नावं पाठ ठेवा.

ईएल८४ फिलिप्सने १९५३ च्या सुमाराला आणला, घरगुती रेडिओसाठी आणि रेडिओग्रामसाठी. गिटारचा तिथे कुणी विचारही केला नव्हता. पण डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीने व्हॉक्स नावाचे गिटार ॲम्प काढले, त्यात हा स्वस्त, सहज मिळणारा व्हॉल्व्ह बसवला. एसी१५ मध्ये दोन, एसी३० मध्ये चार. बीटल्सच्या सुरुवातीच्या काळातला गिटारचा आवाज या एसी३० मधून आलाय. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलने १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प बनवला, आणि पुढे मार्शलचा आवाज म्हणजे मोठा ईएल३४ हे समीकरण झालं. म्हणजे आज ज्याला आपण "व्हिंटेज टोन" म्हणून डोक्यावर घेतो, तो त्या वेळी दुकानात सहज मिळणारा साधा माल होता.

आपला व्हॉल्व्ह: जलहळ्ळीचा

आता भारतात येऊ. १९५४ मध्ये बंगळुरूच्या जलहळ्ळीला सरकारने भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, सुरू केली. मुख्य काम लष्करासाठी. पण १९६१ मध्ये बीईएलने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. तोवर ते बाहेरून यायचे, आणि त्या काळात परकीय चलन म्हणजे सोनं.

लगेच पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, त्याच बीईएलने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरही सुरू केले. म्हणजे बघा, आपल्याकडे व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला मारणारा, दोघं एका वर्षाच्या अंतराने, एकाच कंपनीत जन्मले. तरी व्हॉल्व्ह बरीच वर्षं टिकला, कारण घराघरात व्हॉल्व्हचे रेडिओ होते. आमच्या शेजारी ठाण्यातच मर्फीचा कारखाना होता. त्या जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ आजी-आजोबांना विचारा, लगेच आठवेल. रेडिओसाठी दरवर्षी पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागायचं. एवढी महागामोलाची वस्तू कुणी टाकून देत नाही. व्हॉल्व्ह गेला की मेकॅनिककडे जायचं, नवा बसवायचा.

आता इथे आपल्या शोधाची किल्ली आहे. त्या काळातल्या एका नेहमीच्या रेडिओत साधारण कोणते व्हॉल्व्ह असायचे? ईसीएच८१, ईएफ८९ किंवा ईबीएफ८९, ईबीसी८१, ईझेड८०, आणि शेवटी स्पीकर वाजवायला बऱ्याचदा एक ईएल८४. म्हणजे भारतात जिथे जिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, तिथे तिथे बीईएलचे ईएल८४ साठवलेले असायचे. ईसीसी८३ मात्र साध्या रेडिओत सहसा नसायचा. तो शोधायचा तर जुने लाउडस्पीकरचे ॲम्प, टेपरेकॉर्डर अशा वस्तूंकडे जावं लागतं. म्हणून आपल्याकडे ईएल८४ सापडतो आणि ईसीसी८३ तरसवतो. आज बीईएलचे ते ईएल८४ परदेशातले गिटारवाले हौसेने विकत घेतात. विविध भारती ऐकवायला बनवलेली बाटली आता तिकडे ब्लूज वाजवते.

आणि आपल्याकडेही तेव्हा पोरं गिटार वाजवत होतीच की. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट नावाच्या रॉक स्पर्धा झाल्या, मुंबईत षण्मुखानंद हॉलला, त्यांच्या तबकड्याही निघाल्या. परदेशी ॲम्प आणणं तेव्हा चैनच होती.

कारखाने बंद, मग माल येतो कुठून

१९७० च्या दशकात टीव्ही, रेडिओ सगळं ट्रान्झिस्टरवर गेलं. १९८० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतले मोठे व्हॉल्व्ह कारखाने एकामागून एक थांबले, ब्लॅकबर्नचं व्हॉल्व्हचं कामही संपलं. रशिया, चीन आणि पूर्व युरोप इथे मात्र चालू राहिलं, कारण त्यांच्या लष्कराला व्हॉल्व्ह लागायचे. ६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेंको नावाचा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेला पळून आला. अमेरिकनांनी विमान उघडलं तर आत व्हॉल्व्ह! जग हसलं. पण त्याच सोव्हिएत कारखान्यांमुळे पुढे गिटारवाल्यांना नवे व्हॉल्व्ह मिळत राहिले.

आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशियातल्या सारातोवचे, स्लोव्हाकियातल्या जेजेचे आणि चीनचे. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंधनं घातली, रशियन व्हॉल्व्ह काही काळ थांबले आणि किमती भडकल्या. जगभरचे गिटारवाले त्या वेळी जुन्या मालाकडे वळले. ज्याच्या माळ्यावर चार खोके पडलेले, त्याला अचानक भाव आला. आणि जिथे भाव, तिथे भेसळ.

छाप नको, प्लेट बघ

भिवंडीत एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी ईएल८४ शोधत त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या फोनवरचा चकचकीत मलार्डचा फोटो बघितला आणि म्हणाले, "बेटा, छाप मत देख. प्लेट देख, गेटर देख." पुढचा तासभर त्यांनी जे दाखवलं, ते कुठल्याही व्हिडिओत मला मिळालं नव्हतं. त्यातलं तुमच्यासाठी:

छाप खोटी असू शकते. शाई बोटाने पुसली जाते आणि नवीही मारता येते. जुन्या काळी कंपन्या एकमेकींचा माल आपलं नाव छापून विकायच्या, तोही अगदी उघडपणे. म्हणून काचेवर कोरलेला कोड बघा, आतल्या प्लेटचा आकार बघा, आणि खात्रीच्या नमुन्याशी जुळवा. कोडमध्ये वर्षाचा एकच आकडा असतो, त्यामुळे ५ म्हणजे १९६५ की १९७५, हे बांधणीवरून ठरवायचं.

मग गेटर. काचेच्या आत वरच्या बाजूला जो चांदीसारखा डाग दिसतो, तो बेरियमचा. उरलीसुरली हवा शोषायला तो असतो. तो चकचकीत असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली, व्हॉल्व्ह मेला.

मग पिना. त्या घासल्यासारख्या, खरवडलेल्या असतील तर "न वापरलेला" या शब्दावर विश्वास ठेवू नका. न वापरलेल्या जुन्या मालाला जगभर एनओएस म्हणतात, न्यू ओल्ड स्टॉक. हा शब्द विकणारे फार सैल हाताने वापरतात.

मग ठोका. ॲम्प चालू असताना ईसीसी८३ वर पेन्सिलीने हलकी टिचकी मारायची. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमला तर तो मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे आतले भाग सैल आहेत. रेडिओत तो चालून जाईल, गिटारच्या ॲम्पमध्ये शिट्टी मारेल.

आणि सगळ्यात शेवटी मोजमाप. दिसायला देखणा व्हॉल्व्ह आतून थकलेला असू शकतो. टेस्टर असलेला विक्रेता आकडे देतो, ते मागा. ईएल८४ जोडीने लागतात, दोघांचा प्रवाह जवळपास सारखा हवा.

एक इशारा रशियन मालाबद्दल. ६पी१४पी हा त्यांचा ईएल८४ चा भाऊ, सहसा थेट बसतो. पण ६एन२पी ला ईसीसी८३ समजून तसाच खोचू नका, हीटरच्या पिना वेगळ्या आहेत.

आणि दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. या ॲम्पच्या पोटात तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. व्हॉल्व्ह बदलणं वेगळं, आत हात घालणं वेगळं. दुसरं काम जाणत्या माणसासोबतच करा.

चाचांचं दुकान लॉकडाउननंतर उघडलंच नाही. ते गेले, आणि घरच्यांनी माल वजनावर भंगारात दिला. घरच्यांची चूक म्हणता येत नाही, त्यांना त्या बाटल्यांचं काय माहीत? मला कळेपर्यंत एक बुटाचं खोकं उरलं होतं, ते त्यांच्या मुलाने मला दिलं, पैसे घेतले नाहीत. खोक्यात एकतीस व्हॉल्व्ह. बहुतेक ईझेड८० आणि ईबीएफ८९, म्हणजे माझ्या ॲम्पला निरुपयोगी. ईएल८४ निघाले चार, सगळे बीईएलचे. एकाचा गेटर पांढरा. उरलेल्या तिघांना एका ओळखीच्या साउंडवाल्या दादाच्या टेबलावर लावलं. कॅथोडखाली एक ओमचा रेझिस्टर, म्हणजे मल्टिमीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पिअर. एक आला ३६, दुसरा ३८, तिसरा १९. तिसरा थकलेला. पहिले दोघं आज माझ्या ॲम्पमध्ये आहेत.

मग प्रश्न, जुना म्हणजे चांगलाच का? अजिबात नाही. माझ्याच खोक्यात चारातले दोन बाद झाले. नवा जेजे मोजून घेतलेला असेल तर तो न मोजलेल्या "व्हिंटेज"पेक्षा केव्हाही बरा. जुन्यातला जो चांगला असतो, तो चांगला का असतो, तर एका अख्ख्या गावाला किंवा कारखान्याला ते काम रोज, लाखोंनी करायची सवय होती. कॅथोडचा लेप किती शुद्ध, हवा किती काढायची, तार किती ताणायची, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. ते हाताला यायला वर्षं लागतात. कारखाना बंद झाला की ड्रॉइंग कपाटात राहतात, हात पांगतात. नंतर कुणी तोच व्हॉल्व्ह पुन्हा बनवायला घेतला, की ही शिकवणी पहिल्यापासून सुरू होते.

भिवंडीत बसून हे बोलताना मला लूमच आठवतात. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि बरंच काम इकडच्या यंत्रमागांवर आलं, गिरण्यांचे जुने मागही इकडे आले. आता तेच माग भंगारात जाताना दिसतात, आणि जिथे भात लावायचे तिथे गोडाऊनं उभी आहेत. ब्लॅकबर्नला माग गेल्यावर व्हॉल्व्ह आले, निदान नवं कसब शिकवणारं काहीतरी आलं. आमच्याकडे पार्सलांवर स्टिकर लावायचं काम आलं. रोजगार आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात हाताला काय शिकायला मिळतं, हा प्रश्न गावातल्या माझ्या वयाच्या पोरांना पडतो, मलाही पडतो.

असो. तुम्हाला व्हॉल्व्ह शोधायचेत तर चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड आहेतच, चक्कर मारा. पण त्याआधी आपल्याच गावातला, तालुक्यातला जुना रेडिओ मेकॅनिक गाठा. चहा घेऊन बसा. माल मिळेल न मिळेल, तो कसा तपासायचा हे विचारा आणि शक्य असेल तर फोनवर रेकॉर्ड करा, त्यांच्या परवानगीने. आणि हो, माळ्यावरचा रेडिओ अजून वाजत असेल तर त्यातला ईएल८४ उपसू नका. वाजणारा रेडिओ वाजू द्या. बंद पडलेला भंगारात निघाला असेल, तर वजनकाट्यावर जायच्या आधी मागचं झाकण तेवढं उघडून बघा.

तुमच्याकडे काही सापडलं तर कोडचा फोटो पाठवा, मिळून वाचू. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.